बायडीची पाठवणी

शेलारमध्ये कुणालाही विचारा. कामवारी नदीतली एक मगर पूर्वी भिवंडीच्या बाजारात आली होती, एका दुकानातून मांजरपाटाचा तागा तोंडात धरून परत गेली, आणि कापड दीड हात कमी भरलं म्हणून दुसऱ्या दिवशी तोच तागा घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. दुकानदारानं मुकाट्यानं माप पुरं करून दिलं. हे सगळं केसरीनाथनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, पण ती पायरी गावातल्या तीन पिढ्या एकमेकांना दाखवत आल्या आहेत.

अशा माणसावर त्या रविवारी खरं बोलायची पाळी आली. शहात्तराव्या वर्षी नवी सवय लावून घ्यायची म्हणजे चेष्टा नव्हे.

बंगला तीन मजली झाला होता, वर एसी होते, जिन्याला काचेचा कठडा होता, तरी घरातलं काहीही ठरवायचं झालं की सगळे खालच्या पडवीतच जमत. धोंडूबाई झोपाळ्यावर बसली होती. तिच्या उजव्या हाताला थोरला दौलत. कालच निरोप मिळाल्यामुळे काल्हेरहून सकाळीच आलेली लेक क्षितिजा खाली चटईवर. धाकटा शैलेश खांबाला टेकून उभा, म्हणजे इकडे ना तिकडे. आणि सगळ्यांच्या समोर, मांडीवर हॉस्पिटलची निळी फाईल घेऊन, शैलेशची बायको विनिता. केसरीनाथ, धोंडूबाईचा धाकटा दीर, दाराजवळच्या त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत पान जमवत बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी उठवलंही नव्हतं.

विनितानं गुन्हा केला होता तो असा, की गेल्या आठवड्यात तिनं कुणाला न विचारता मुंबईच्या मुलांच्या हॉस्पिटलात कागदावर सही केली होती. येत्या गुरुवारी पूर्वाचं ऑपरेशन. आणि हे कळताच धोंडूबाईनं त्याच्या आदला दिवस धरला होता. बुधवारी पूर्वाला हिरवं नेसवून घरच्या शेतावर बांधलेल्या गोडाऊनच्या मागच्या भिंतीशी, जिथं पूर्वी विहीर होती तिथं न्यायचं, आणि तिला आसरांच्या पदरात घालायचं. विहिरीतल्या त्या सात बहिणींची मुलगी एकदा झाली, की मग तिच्या अंगाला कुणाचं हत्यार लागणार नव्हतं. तसा नेमच होता.

पूर्वा सात वर्षांची. जन्मल्यापासून ओली.

विनिताला हे सांगायची आता इतकी सवय झाली होती, की ती पाढे म्हणावेत तसं सांगे. पोरगी वेळेवर बाथरूमला जाते, नीट होते, चड्डी वर करते आणि दहा मिनिटांत पुन्हा ओली. दिवसा ओली, झोपेत ओली, खेळताना ओली. चार डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंथरुणात करायची सवय आहे, मोठी झाली की जाईल. एकानं आईनं वळण लावलं नाही म्हणून विनितालाच झापलं होतं. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिचं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि म्हणाल्या होत्या, की वेळेवर जाते तरी ओली असते हे तुम्ही सांगितलंत, तिथंच अर्धा आजार सापडला. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दिलं होतं. ते चित्र विनितानं आता चटईवर पसरलं.

तिनं समजावून सांगितलं. दोन मूत्रपिंडं, प्रत्येकाला एक नळी, दोन्ही नळ्या लघवीच्या पिशवीत उतरतात. पूर्वाच्या उजव्या बाजूला नळ्या दोन आहेत. त्यातली एक वाट चुकली, पिशवी सोडून खालीच बाहेर उघडली. पिशवीला तोंड असतं, ते मिटून धरता येतं. या नळीला धरणारं काही नाही, म्हणून ती ठिबकत राहते. बाळ पोटात घडतानाच हे होतं. कुणी काही खाल्ल्यानं होत नाही, काही ओलांडल्यानं होत नाही. हे शेवटचं वाक्य तिनं जरा हळू म्हटलं, कारण पोटुशी असताना तिनं विहिरीवरचा ताजा भराव ओलांडला होता, हे या पडवीत सात वर्षं बोललं जात होतं.

"वर्षात तीनदा ताप चढलाय तिला," विनिता म्हणाली. "दर तापाला आतून इजा होते. आता थांबलो तर ती बाजू वाचेल की नाही, बाईही सांगू शकत नाहीत."

दौलतनं चित्र उचललं, उलटं धरलं, सुलटं केलं. तो काही अडाणी नव्हता. तालुक्याच्या अर्ध्या गोडाऊनांचे नकाशे त्याच्या तोंडपाठ होते. पण ती विहीर त्यानंच बुजवली होती. मागची भिंत सरळ यावी म्हणून अकरा डंपर मुरूम त्यानं तिच्यात ओतला होता, आणि त्यानंतर दहा महिन्यांनी घरात ही पोर आली. तेव्हापासून आई म्हणेल त्याला तो मान डोलवत आला होता. त्यानं आताही डोलवली. ऑपरेशन काय, दोन महिन्यांनीही होईल, आईचं मन मोडून नको, असं त्याचं म्हणणं पडलं. क्षितिजाला तर तिच्या सासरच्या बायका दर पुनवेला पूर्वाची ओटी भरायला शेलारात यायच्या त्याचा अभिमान होता. ती म्हणाली, देवीचं देणं डॉक्टरला काय कळणार. शैलेशनं खांब बदलला.

*

धोंडूबाईला कुणी विचारलं असतं, की बाई, तू नातीचं वाईट चिंततेस का, तर तिनं विचारणाऱ्याला झोपाळ्याची कडी फेकून मारली असती.

तिला फक्त बायडी पाहिजे होती.

बायडी तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा चौदा वर्षांची होती, तिला ठेवायला कुणी तयार होईना, म्हणून धोंडूबाईनं नव्या सासरी हातापाया पडून तिला आपल्याकडे आणलं. ठेवायला कुणी तयार नव्हतं कारण ती ओली असायची. अशीच. पूर्वासारखीच. बसली की उठल्यावर मागं डाग. नदीवर बायका तिच्यापासून लांब धुणं मांडत, पोरं तिला गळकी म्हणत. आणि मग एका उन्हाळ्यात सगळं पालटलं. शेताच्या बांधावर उंबराखाली बायडी बसली, ती उठली तशी तिथली माती ओलसर झाली, आणि तिथं विहीर खणली तर दहा हातांवर पाणी लागलं. त्या दिवसापासून तिला कुणी गळकी म्हटलं नाही. तिच्या अंगात आसरा आहेत, ती सातांतली एक आहे, असं गावानं ठरवलं. बायका तिला हळदकुंकू लावू लागल्या. आठ वर्षं घरात देवी नांदली, आणि बाविसाव्या वर्षी पाच दिवसांच्या तापात गेली.

धोंडूबाईनं तेव्हा अन्नपाणी सोडलं होतं. चौथ्या दिवशी केसरीनाथ तिच्यासमोर भाताचं ताट घेऊन बसला आणि म्हणाला, वयनी, ती मेली न्हाय. मी पहाटे विहिरीवर व्हतो. आत सात डोकी दिसली, सातवी बायडी. केस मोकले सोडून पवत व्हती.

धोंडूबाईनं ते ताट खाल्लं. पुढं त्रेचाळीस वर्षं दर श्रावणात तिनं त्या विहिरीत हिरव्या बांगड्या सोडल्या. मग विहीर गेली. आणि पोर आली, ओली. बिनघराची झालेली बहीण आणखी कुठं येणार?

"त्या डाक्तरनीला सांग," ती विनिताला म्हणाली, "एकदा गेली माजी, आता पुन्ना न्हाय जाऊ देनार."

तिच्या आवाजात जोर नव्हता.  भांडणाऱ्या सासूशी विनिताला भांडता आलं असतं. ही तर हात पसरून बसली होती.

*

केसरीनाथच्या हातातलं पान तसंच राहिलं.

त्यानं लग्न केलं नव्हतं, आणि न करण्याची सात कारणं तो सांगायचा. एका मुलीला पाहायला गेला तर ती जुळी निघाली आणि कोणती कोणती ते तिच्या बापालाही ठरवता आलं नाही, हे त्यातलं सगळ्यांत साधं. आठवं कारण त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

तो उठून उभा राहिला. घसा खाकरला.

"वयनी, ती आसरा-बिसरा काय नव्हती. मी बनवलेलं."

 त्यानं सगळं सांगितलं. पोरं बायडीला गळकी म्हणत ते त्याला बघवत नसे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तिची ओली गोधडी तोच कुंपणावर टाकायचा, आणि कुणी विचारलं तर माझीच आहे म्हणून सांगायचा. सतरा वर्षांच्या पोरानं हे सांगायला काय लागतं ते त्यालाच माहीत. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यानं गोष्ट रचली. बांधावर उंबर होता, चैत्रातही हिरवागार. उंबराखाली पाणी असतं हे त्याला एका म्हाताऱ्या कातकऱ्यानं सांगितलं होतं. त्यानं बायडीला तिथं बसवलं, घागरीतलं पाणी मातीवर ओतलं, आणि गावभर बोंब ठोकली. ताप यायचा तिला, पुन्हा पुन्हा यायचा. देवीला ताप आला म्हणून घरच्यांनी अंगारा लावला. वैद्याकडं कुणी नेलं नाही, कारण तो म्हणत होता ना, की ती देवी आहे. विहिरीतली सात डोकीही त्यानं पाहिली नव्हती. तिथं एक बेडूक होता.

दौलतच्या तोंडातून फुसकन हसू निघालं. मग क्षितिजा हसली. शैलेशही खांबाआड तोंड करून हसला.

"काका, बेडूक मस्त होता," दौलत म्हणाला. "पण मगरीची सर नाही."

केसरीनाथ विनिताकडं वळला. ती हसत नव्हती, पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तिला वाटलं होतं, म्हातारा तिची बाजू घ्यायला आणखी एक थाप मारतोय. त्या उपकाराखाली ती ओशाळली होती.

धोंडूबाई तर रागावली. "देवादिकाची मस्करी करू नका, भावजी. तुमी सोता बघितलंय. तुमीच सांगितलंय मना."

पन्नास वर्षं सांगितलेली गोष्ट इतकी पक्की विणली गेली होती, की आता तिचा एक धागा ओढायला तो स्वतः गेला तरी त्याची बोटं आत शिरेनात. तो पुन्हा खुर्चीत बसला. पान तोंडात टाकलं. चुना जास्त झाला होता.

*

मागच्या अंगणात दोरीवर पूर्वाची गोधडी वाळत होती. रोज असायची. केसरीनाथ तिथं जाऊन उभा राहिला. दोरी बघायला तो रोज यायचा. सकाळी डोळे उघडल्यावर आधी दोरी बघायची. ओली गोधडी टांगलेली दिसली, की घरात आपलं माणूस आहे असं त्याला वाटायचं. पूर्वा झाल्यापासून तर जास्तच. याची त्याला स्वतःचीच लाज वाटे.

पूर्वा गोधडीखालून आली. तिनं फ्रॉक मागून हातानं धरला होता, डाग दिसू नये म्हणून. तीही सवयच.

"आजा, मी देवी आहे का?"

"कोन बोललं?"

"आजी बोलते. काल्हेरच्या बायका पण पाया पडतात." तिनं जरा विचार केला. "शाळेत गळकी म्हणतात. बाईंनी मला वेगळा बाक दिलाय. देवीला गळकी म्हणतात का?"

केसरीनाथला बरंच काही सांगता आलं असतं. देव्यांच्या बाकांबद्दल एखादी गोष्ट त्याच्या जिभेवर आलीही होती. ती त्यानं गिळली.

"तुना काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

पूर्वाला फार मोठं काही नको होतं. नारपोलीला मामाकडं मामेबहीण ऋतिकाचा पलंग होता, त्याला चांदण्यांची चादर होती. मामी चांगली होती, पण दर वेळी आग्रह करून जेवायला वाढायची आणि संध्याकाळ झाली की म्हणायची, चला, आई वाट बघत असेल. ऋतिकाच्या बाकीच्या मैत्रिणी राहायच्या. पूर्वाला एकदा राहायचं होतं. एकदाच. सकाळी उठून चादर कोरडी बघायची होती.

"देवीला सोडतात का, आजा? झोपायला?"

"विचारून बघतो."

"कुणाला?"

केसरीनाथनं गोधडीच्या ओल्या कडेला हात लावला, पिळून पाहिल्यासारखा.

"जी आदी देवी जाली तिला," तो म्हणाला.

*

सोमवारी दुपारी बाराच्या उन्हात केसरीनाथ गोडाऊनच्या बाजूनं चालत आला, पडवीच्या पायरीवर बसला, आणि विनितानं दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. घरात याची लगेच दखल घेतली गेली. तो माणूस पाणी नाकारणारा नव्हता. झोपाळा थांबला. मुक्कामाला राहिलेली क्षितिजा आतून आली. जेवायला घरी आलेले दौलत आणि शैलेश ताटावरून उठून, उष्ट्या हातानं, दारात उभे राहिले.

"बायडी भेटली," तो म्हणाला.

तो सांगू लागला. वॉचमन जेवायला गेला होता. मागच्या फलाटावर खोकी रचली होती, छतापर्यंत, मुंबईकरांनी घरबसल्या मागवलेल्या मिक्सरांची. त्या थप्पीच्या टोकावर बायडी बसली होती, पाय हलवत. खालून फोर्कलिफ्ट आली ती आपोआप थांबली, आणि चालवणारा पोरगा म्हणाला, चाचा, बॅटरी गया लगता है. बॅटरी कसली जातेय. बायडीनं त्याला हात दाखवून थांबवलं होतं. इतका मुरूम, त्यावर एवढी लादी, त्यावर हे मिक्सर, आणि ती मुंगीएवढ्या फटीतून वर आली होती. केसाला माती लागली होती, म्हणून जरा रागात होती.

दौलतला हसू येत होतं, पण त्याच्या दंडावर काटाही आला होता. मुरूम त्याचा होता.

"काय बोलली?" धोंडूबाईनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"बोलली, आक्काला सांग, माझ्या सहा बहिनी कवाच खाडीला गेल्या. मी एकटीच मागं हाय. आक्का सोडत न्हाय म्हनून त्या पोरीच्या अंगात दाटीवाटीनं राहतंय. पोर लहान, माझा भार तिला सोसत न्हाय, तिला ताप येतो. आक्कानं सगल्यांची लग्नं लावली. नंदेच्या पोरींची लावली, भाड्यानं राहनाऱ्यांची लावली. माझी पाठवनी तेवढी राहिली. ती करा, मी जातंय. मंग डाक्तरला सांगा, वाट मोकली जाली, दार लावून घे."

  काल विनिताला या म्हाताऱ्याची दया आली होती. आज त्याच्या प्रत्येक शब्दावर तिचं लेकरू टांगलेलं होतं.

 धोंडूबाईनं विचारलं, "नेसली काय व्हती?"

केसरीनाथनं सगळी तयारी केली होती. केस, बांगड्या, हातावरचं गोंदण, सगळं पाठ होतं. हे राहून गेलं होतं.  मग तो उठला, आपल्या खोलीत गेला, आणि पत्र्याची ट्रंक सरकवल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात एक लुगडं होतं. हिरवं, पिवळ्या काठाचं. त्यानं ते धोंडूबाईच्या मांडीवर ठेवलं.

"हेच."

डांबरगोळ्यांचा वास पडवीभर पसरला. धोंडूबाईनं घडी उलगडली. घडीवर घडी इतकी जुनी, की मोडींवर रंग उडाला होता. काठाच्या आत, टाचेपाशी येईल अशा ठिकाणी, विणकामात एक चूक होती. ताण्याचे दोन धागे तुटलेले, घाईनं सांधलेले. नारपोलीच्या कारखान्यात केसरीनाथ तरुणपणी लूमवर होता, हे तिला आठवलं. तिनं कापड नाकाशी नेलं. बोटांनी चोळलं. अजून खळ कडक होती.

कुणीही पाहिलं असतं तरी कळलं असतं. हे लुगडं आजपर्यंत कुणी नेसलेलं नव्हतं. एकदाही नाही.

क्षितिजाला ते आधी कळलं. तिनं दौलतकडं पाहिलं. दौलत तोंड उघडणार एवढ्यात तिनं त्याच्या पायावर पाय ठेवला. काल आईच्या बाजूची क्षितिजा आज कुठल्या बाजूची होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण त्या लुगड्याकडं बघताना तिला हसू येत नव्हतं.

"भावजी," धोंडूबाई म्हणाली. "कवाचं हे?"

"बावन्न वर्सं जाली."

"मंग तवा का न्हाय दिलंस?"

इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. केसरीनाथनं पायरीवरून नदीच्या बाजूला पाहिलं. तिकडं नुसत्या निळ्या पत्र्यांची छपरं होती.

"आयला सांगितलं व्हतं मी. आय बोलली, देवीशी कोन लगीन करतो. मीच केली व्हती ना देवी. लुगडं वाहता आलं असतं वयनी. मागनी न्हाय घालता आली."

धोंडूबाईनं लुगड्याची घडी घालायला घेतली. जुन्याच मोडींवर, एकेक.  काल ऐकलेला बेडूक, घागर, उंबर, कुंपणावरची गोधडी, सगळं त्या घड्यांबरोबर तिच्या मनात दुमडत गेलं असेल.  बहीण विहिरीत नव्हती हे तिला कळलं की नाही, ते तिनं पुढंही कधी कुणाला कळू दिलं नाही.

"बुधवारी पाठवनी करू," शेवटी ती म्हणाली. "नवरीसारखी. दौलत, गाडी सांग नदीवर जायला. क्षितिजा, हिरवा चुडा आन." मग विनिताकडं न बघता, "आनि गुरुवारी पोरीला पोटात काय द्यायचं न्हाय ना? ते नीट इचारून घे. माज्याकडनं तिला चुकून काय दिलं जाईल."

विनिता खाली बसली. हातातला पाण्याचा पेला कलंडला, तो तिनं उचलला नाही. शैलेशनं खांब सोडला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. त्याला हे सात वर्षं आधी सुचायला हवं होतं, पण सुचलं.

*

बुधवारी संध्याकाळी कामवारीच्या काठी बायडीची पाठवणी झाली. लुगडं, चुडा, हळदकुंकू, नारळ, पाच फळं, सगळं सुपात घालून पाण्यात सोडलं. धोंडूबाईनं धवला म्हटला, नवरी निघताना म्हणतात तो. मध्येच तिचा आवाज बसला, तेव्हा पुढचं क्षितिजानं उचललं. पूर्वानं सूप पुढं ढकललं. केसरीनाथ काठावर मागं उभा होता, मुलाकडच्या माणसानं उभं राहावं तसा, धुतलेलं धोतर नेसून.

सूप गाळाला लागून थोडं अडकलं. मग गेलं.

गुरुवारचं ऑपरेशन चार तास चाललं. त्यातलं काय काय झालं ते केसरीनाथनं पुढं गावाला जे सांगितलं त्यावर जाऊ नका. त्यात डॉक्टरीणबाईंना वाट दाखवायला एक बेडूक आला आहे. खरं एवढंच, की चुकलेली नळी पिशवीला जोडली गेली, आणि आठ दिवसांनी बाई म्हणाल्या, घरी न्या. उजवी बाजू वाचली होती.

महिन्यानं पूर्वा नारपोलीला मामाकडं राहून आली. एक नाही, दोन रात्री. आल्यावर तिनं चादरीबद्दल घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं, म्हणजे पाच वेळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात आली तेव्हा केसरीनाथ दोरीसमोर उभा होता. दोरी रिकामी होती. महिनाभर रिकामीच होती. एका टोकाला लाकडी चिमटा तेवढा होता.

"आजा, काय बघतोस?"

"दोरी ढिली जालीय."

पूर्वानं दोरी ओढून पाहिली. चांगली ताठ होती. ती त्याच्याशेजारी उभी राहिली. फ्रॉक तिनं मागून धरलेला नव्हता.

"बायडी पोचली का?"

"पोचली की. त्याच संध्याकाली."

"तिकडं पण ती ओलीच असते का?"

केसरीनाथनं मान हलवली. हो की नाही, ते कळेल अशी नव्हे.

"मग तिची गोधडी कोण वाळत घालतं?"

मगरीच्या तोंडी तागा देणाऱ्या, मिक्सरच्या थप्पीवर देवी बसवणाऱ्या त्या म्हाताऱ्याला उत्तराला इतका वेळ लागलेला गावात कुणी पाहिला नसेल. त्यानं दोरीवरचा चिमटा काढला, उघडला, मिटला, पुन्हा होता तिथं लावला.

"कोन न्हाय," तो म्हणाला. "तशीच ठेव म्हनून सांगितलंय तिला. मी आल्यावर घालीन."